किलोचा भाव, तासाचा हिशेब

जुलैमधल्या एका पावसाळी रात्री साडेनऊला मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत पोचलो. बाहेर धो धो पाऊस, आत भट्टीचा उजेड. इंडक्शन भट्टीतून लॅडलमध्ये उतरणारं लोखंड आधी पांढरंशुभ्र दिसतं, मग पिवळं, आणि मोल्डच्या तोंडाशी पोचेपर्यंत नारिंगीकडे झुकू लागतं. फार थंड व्हायच्या आत ते ओतून व्हावं लागतं, नाहीतर मालात जोड राहतो आणि सकाळी तपासणीच्या टेबलावर तो तुकडा बाजूला पडतो. लॅडल धरणारी माणसं त्या वेळी एकमेकांशी बोलत नाहीत. नजरेनं काम चालतं.

भिंतीवर एक काळा फळा होता. त्यावर खडूनं रोजचा एकच आकडा लिहिलेला : टन. आजचं टनेज, कालचं टनेज, महिन्याचं टनेज.

मालक चाळिशीतले, इंजिनिअर. फाउंड्री त्यांच्या वडिलांनी टाकलेली. केबिनमध्ये चहा आला आणि त्यांनी तो प्रश्न विचारला जो मी कॉस्ट अकाउंटंट म्हणून सव्वीस वर्षं ऐकत आलोय. "सर, दोन्ही शिफ्ट भरून चालू आहेत. तिसरीला मोल्डर मिळत नाहीत म्हणून ऑर्डरी परत पाठवतोय. आणि बँकेच्या कॅश क्रेडिटची, सीसीची, लिमिट बारा महिने टेकलेली. पैसा जातो कुठं?"

त्यांनी ताळेबंद पुढं ठेवला. त्यांच्या सीएंनी केलेला, नीटनेटका, एका पैशाचा फरक नसलेला. नफा-तोट्याच्या पानावर विक्री, कच्चा माल, वीज, मजुरी, व्याज, घसारा आणि शेवटी विक्रीच्या दोन टक्क्यांच्या आसपास नफा. मी पानं उलटत गेलो. त्यात कुठंही एक कास्टिंग नव्हतं. कोणत्या मालानं किती कमावलं, कोणत्या गिऱ्हाइकानं किती खाल्लं, भट्टीचा कोणता तास फुकट गेला, यातलं काहीच नाही. आणि ते नसणं ही सीएंची चूक नाही. ताळेबंद बँकेसाठी, आयकर खात्यासाठी, भागीदारांसाठी असतो. झालेलं वर्ष तो चोख सांगतो. उद्या सकाळी कुठली ऑर्डर घ्यायची हे सांगणारा हिशेब वेगळा असतो, आणि तो मालकालाच लिहून घ्यावा लागतो.

विद्यापीठाच्या पुस्तकात या विद्येला परिव्यय लेखांकन आणि व्यवस्थापकीय लेखांकन अशी जड नावं आहेत. नावं ऐकूनच निम्मे उद्योजक पाठ फिरवतात. आपल्याकडे ही विद्या सरकारी गरजेतून वाढली. दुसऱ्या महायुद्धात सरकार कारखान्यांकडून 'खर्च अधिक नफा' या बोलीवर माल घेत होतं आणि तो खर्च खरा किती हे तपासणारं कुणीतरी हवं होतं. १९४४ मध्ये कॉस्ट अकाउंटंटांची संस्था स्थापन झाली, १९५९ मध्ये तिला कायद्याचं अधिष्ठान मिळालं. आजही कायदा ठरावीक उद्योगांतल्या आणि ३५ कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांनाच खर्चाच्या नोंदी ठेवायला लावतो. त्यामुळे लहान कारखानदाराचा समज होऊन बसलाय की हे मोठ्यांचं काम. माझा अनुभव नेमका उलटा आहे. मोठी कंपनी चुकीच्या भावावर दोन वर्षं तग धरते. लहान शेड सहा महिन्यांत बंद पडते.

कोल्हापुरात सुमारे तीनशे फाउंड्र्या आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले. ट्रकचे ब्रेक ड्रम, पंपांचे भाग, ट्रॅक्टरची हाउसिंग, व्हॉल्व्हच्या बॉड्या असं सगळं इथं ओतलं जातं. आणि या सगळ्याचा भाव बोलला जातो किलोवर. पिग आयर्न किलोवर येतं, स्क्रॅप किलोवर येतं, गिऱ्हाईक तीन फाउंड्र्यांचे भाव शेजारी मांडतं तेही किलोवर. सवय इतकी जुनी आहे की खर्चसुद्धा किलोवरच होतो असं वाटू लागतं.

खर्च किलोवर होत नाही. काही खर्च किलोवर होतो, काही साच्याच्या बॉक्सवर, काही भट्टीच्या तासावर आणि काही नुसत्या कॅलेंडरवर.

आम्ही त्या फाउंड्रीतले दोनच माल निवडले. एक ट्रकचा ब्रेक ड्रम, वजन ३६ किलो, बॉक्समध्ये एक, कोअर लागत नाही. दुसरी व्हॉल्व्हची बॉडी, वजन २ किलो, बॉक्समध्ये सहा, आणि आतल्या पोकळीसाठी प्रत्येकीला तीन कोअर. ड्रमला भाव ८८ रुपये किलो, व्हॉल्व्हला १३५. (कारखाना ओळखू येऊ नये म्हणून आकडे मी थोडे बदलून गोल केले आहेत; त्यांचं आपसातलं नातं मात्र तेच ठेवलंय.) मालकांचा सगळा ओढा व्हॉल्व्हकडे होता. १३५ कुठं आणि ८८ कुठं! व्हॉल्व्हला जागा व्हावी म्हणून ते ड्रमच्या ऑर्डरी परत पाठवत होते.

तीन दिवस मी आणि तिथला एक तरुण सुपरवायझर वही घेऊन शेडमध्ये उभे राहिलो. काय मोजलं? ओतलेल्या लोखंडातलं किती मालात गेलं आणि किती रनर-रायझर होऊन परत भट्टीत गेलं, ते. ड्रममध्ये शंभर किलो ओतलं तर ७५ किलो माल मिळत होता, व्हॉल्व्हमध्ये ५० किलो. उरलेलं लोखंड वाया जात नाही, पुन्हा वितळतं, म्हणून मालकांना त्याचं काही वाटत नव्हतं. पण वितळवायला वीज पुन्हा लागते. टनाला साधारण सहाशे युनिट आणि युनिटला नऊ रुपये धरले तर ड्रमच्या एका किलोवर सात रुपयांची वीज पडते, व्हॉल्व्हच्या किलोवर अकरा रुपयांची. तीच भट्टी, तेच लोखंड, तोच मीटर.

मग वाळू आणि कोअर. ड्रमला किलोमागे ४ रुपये, व्हॉल्व्हला १६. फेटलिंग आणि ग्राइंडिंग : ड्रमला २, व्हॉल्व्हला ८, कारण त्या कोपऱ्याकोपऱ्यांत ग्राइंडर फिरवायला माणूस घाम गाळतो. रिजेक्शन : ड्रमला १ रुपया, व्हॉल्व्हला ४. धातू दोघांना सारखाच, ४८ रुपये. बेरीज केली तर ड्रमचा बदलता खर्च ६२ आणि व्हॉल्व्हचा ८७ रुपये. विक्रीतून बदलता खर्च वजा करून जे हाती राहतं, त्याला आमच्या भाषेत कॉन्ट्रिब्यूशन म्हणतात. भाडं, पगार, व्याज, विजेचा डिमांड चार्ज असा सगळा वरखर्च याच पैशातून भागायचा असतो. ड्रमच्या किलोला २६ रुपये हाती राहत होते, व्हॉल्व्हच्या किलोला ४८.

मालक हसले. "म्हंजे मी बरोबरच होतो की."

इथवर बरेच जण येतात आणि थांबतात. किलोला ४८ मोठे की २६, हे कुणीही सांगेल. पण त्या शेडमध्ये किलो तुटवड्यात नव्हते. तुटवडा होता मोल्डिंग मशीनच्या वेळेचा. तासाला चाळीस बॉक्स, त्यावर एकही नाही. मेस्त्री गेली बावीस वर्षं त्या मशीनशेजारी उभे. त्यांना विचारलं, "काम कुठं अडतं?" त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "हितंच की. भट्टी तयार आसती, बॉक्स तयार नसत्यात."

तेव्हा किलो सोडून बॉक्सवर हिशेब केला. ड्रमच्या एका बॉक्समध्ये ३६ किलो, हाती ९३६ रुपये. व्हॉल्व्हच्या एका बॉक्समध्ये १२ किलो, हाती ५७६ रुपये. तासाला चाळीस बॉक्स धरले तर ड्रम लावलेला तास सदतीस हजार चारशे कमावतो, व्हॉल्व्ह लावलेला तास तेवीस हजार. ज्याला ते लाडका माल समजत होते तो तासाला चौदा हजार रुपये कमी देत होता, आणि त्याच्यासाठी ते दुसऱ्याला परत पाठवत होते.

मालक बराच वेळ कॅल्क्युलेटर दाबत राहिले. चहा निवला.

आता यातली खरी गंमत पुढं आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा हिशेब अर्धवट राहील. त्यांच्याकडे तासाला एक टन वितळवणाऱ्या दोन भट्ट्या आहेत. ड्रम पूर्ण वेगानं चालवायला तासाला १९२० किलो रस लागतो. दोन्ही भट्ट्या चालू असताना तो मिळतो. पण दर काही आठवड्यांनी एका भट्टीचं लायनिंग काढून नवं भरावं लागतं. ते दोन दिवस हातात एकच टन असतो. त्या दिवशी ड्रम लावला तर जेमतेम वीस-एकवीस बॉक्स भरतात आणि तासाला साडेएकोणीस हजार हाती येतात. व्हॉल्व्हला मात्र चाळीस बॉक्सना मिळून ९६० किलो रस पुरतो. म्हणजे पुरे चाळीस बॉक्स आणि तेवीस हजार. काम अडायची जागा मोल्डिंगवरून भट्टीवर सरकली आणि उत्तर उलटं झालं.

तोवर त्या दोन दिवसांत ते काय करत होते? मेस्त्रींनी सांगितलं, "लायनिंगला जड माल आधी काढतो आमी. न्हाईतर फळ्यावर टनेज दिसत न्हाई." मला तो काळा फळा आठवला. दोन दिवसांत लाखभर रुपये त्या एका आकड्यापायी जात होते. माणसं आळशी नव्हती की बेइमान नव्हती. जे मोजलं जात होतं ते वाढवून दाखवण्यासाठी ती जिवापाड राबत होती.

कारखान्यातला अडणारा टप्पा शोधा आणि त्याच्या तासाचा भाव काढा, हा विचार एलियाहू गोल्डरॅट या इस्रायली भौतिकशास्त्रज्ञानं १९८४ साली 'द गोल' नावाच्या कादंबरीतून लोकांपुढं मांडला. कारखाना बंद पडायच्या बेतात असलेल्या मॅनेजरची ती गोष्ट आहे. कादंबरी वाचली नाही तरी हरकत नाही. मेस्त्रींना विचारलं तरी चालतं, पण कुणी विचारत नाही.

*

हा विषय मला जवळचा का, ते सांगायला हवं. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात दोन लेथ चालवायचे. पंपाचे शाफ्ट टर्निंग करून द्यायचे, नगावर भाव. १९९१ साली शेड बंद झाली. तेव्हा घरात सगळे म्हणायचे की धंद्यात मंदी आली, नशीब फिरलं. वडील स्वतःला दोष देत राहिले की आपण कमी पडलो. ते पहाटे सहाला शटर उघडायचे आणि रात्री नऊला बंद करायचे. कमी पडायला त्यांच्याकडे वेळच नव्हता.

त्यांची वही माझ्याकडे आहे. लाल कापडी बांधणीची, पहिल्या पानावर श्री आणि शुभ-लाभ, लक्ष्मीपूजनाच्या हळदकुंकवाचा डाग अजून पुसट दिसतो. आत त्यांच्या वळणदार अक्षरात दर शाफ्टचा हिशेब आहे. बारा मिनिटं टर्निंग. लेथचा तास मजुरी, वीज, टूलबिट, भाडं आणि कर्जाचा हप्ता धरून अठरा रुपयांना पडतो, हे त्यांनी अचूक काढलं होतं. बारा मिनिटांचे तीन रुपये साठ पैसे. भाव मिळत होता सव्वाचार रुपये. पासष्ट पैसे सुटतात, असं त्यांनी समासात लिहून खाली रेघ ओढलीय.

सेटिंग त्या हिशेबात नाही. प्रत्येक नव्या लॉटला चक बदलणं, सेंटर लावणं, पहिले दोन तुकडे मापात आणणं यात तीन तास जायचे. तीनशे नगांचा लॉट असेल तर तीन तास म्हणजे नगामागे अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त, आणि सत्तेचाळीस पैसे सुटायचेच. पण त्यांचं गिऱ्हाईक, एक पंपनिर्माता, हळूहळू तीस-तीस नगांचे लॉट पाठवू लागला होता. तीन तास तीस नगांवर पडले की नगामागे सहा मिनिटं वाढली. अठरा मिनिटांचे पाच रुपये चाळीस पैसे. भाव तोच सव्वाचार. प्रत्येक शाफ्टमागे एक रुपया पंधरा पैसे वडील स्वतःच्या खिशातून घालत होते, आणि लॉट लहान म्हणून जास्त घेत होते. दर दिवाळीला तो पंपनिर्माता भाव आठ आण्यांनी कमी करायला सांगायचा. दोन वेळा वडिलांनी ते मान्यही केलं, कारण शेजारची शेड मान्य करत होती.

वडिलांनी जी गोष्ट मोजली नाही, ती न मोजण्याची चूक अमेरिकेतले बलाढ्य कारखानेही त्याच काळात करत होते. थॉमस जॉन्सन आणि हार्वर्डचे रॉबर्ट कॅप्लन यांचं १९८७ सालचं 'रेलेव्हन्स लॉस्ट' हे पुस्तक नेमकं यावर आहे. कारखाने शेकडो प्रकारचा माल बनवू लागले, लॉट लहान झाले, सेटिंग वाढलं, पण वरखर्च मात्र जुन्या पद्धतीनं मजुरीच्या प्रमाणात सगळ्यांवर वाटला जात राहिला. त्यामुळे मोठ्या लॉटचा साधा माल कागदावर महाग दिसायचा आणि लहान लॉटचा किचकट माल स्वस्त. कॅप्लन आणि रॉबिन कूपर यांनी मग खर्च ज्या कामामुळे होतो त्या कामावर टाकण्याची पद्धत मांडली. सेटिंगचा खर्च सेटिंगवर, तपासणीचा तपासणीवर. हे पुस्तक मी कॉलेजात वाचलं तेव्हा उद्यमनगरातल्या शेडला कुलूप लागून चार वर्षं झाली होती. त्या रात्री मी वडिलांची वही पहिल्यांदा नीट उघडली.

*

२०१९ मध्ये वाहन उद्योगात मंदी आली तेव्हा गोकुळ शिरगावातल्या एका फाउंड्रीनं मला बोलावलं. एक शिफ्ट बंद, दुसरी अर्धी. त्याच वेळी एक नवं गिऱ्हाईक आलं : महिन्याला वीस टन घेतो, पण ६२ रुपयांनी. नेहमीचा भाव ७२. अकाउंटंटनं वरखर्च वाटून काढलेली पूर्ण किंमत ६८. "किलोला सहा रुपये तोटा, नको म्हणून सांगू या," असं ठरत आलं होतं.

मी म्हटलं, घ्या. बदलता खर्च ५० होता. ६२ मधून ५० गेले की बारा राहतात, वीस टनांवर महिना दोन लाख चाळीस हजार. शेडचं भाडं, मेस्त्रींचा पगार, डिमांड चार्ज हे ऑर्डर घेतली तरी द्यायचे आणि नाही घेतली तरी द्यायचे. रिकाम्या बॉक्सचं भाडं कुणी देत नाही.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉन मॉरिस क्लार्क यांनी १९२३ साली वरखर्चावरच्या आपल्या ग्रंथात हेच मांडलं : प्रश्न बदलला की खर्चाचा अर्थही बदलतो. वर्षाचा भाव ठरवताना ६८ हा आकडा बरोबर, रिकाम्या शिफ्टला माल घेताना ५० बरोबर. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त एकाच्या जागी दुसरा वापरता येत नाही.

हिशेब बरोबर होता. माझं चुकलं ते पुढं. मुदत लिहून घ्यायची मी सुचवलीच नाही. मंदी ओसरली, बाकीची गिऱ्हाइकं परतली, बॉक्स भरले, आणि हे गिऱ्हाईक मात्र ६२ वर अडून बसलं. इतकंच नाही, तो भाव बाजारात पसरला आणि ७२ देणाऱ्या एकानं विचारलं, "त्यांना बासष्ट, मग आम्हाला का नाही?" वर्षभर तो काटा सलत राहिला. तेव्हापासून असा सल्ला देताना मी तीन गोष्टी ऑर्डरवर लिहून घ्यायला लावतो : किती महिने, किती टन, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या मालापेक्षा वेगळा माल. कोल्हापूर काय नि इचलकरंजी काय, आपल्याकडे मंदीत घेतलेले भाव तेजीत न सुटल्यानं बसलेले कारखाने मी बरेच पाहिलेत. कॉन्ट्रिब्यूशनचं गणित अर्धवट शिकलेला माणूस न शिकलेल्यापेक्षा लवकर बुडतो, कारण तो प्रत्येक स्वस्त ऑर्डरीला समर्थन शोधून काढतो.

मंदीतच माणूस हिशेबाला बसतो, हे मात्र फार जुनं आहे. इंग्लंडातला प्रसिद्ध कुंभार-उद्योजक जोसाया वेजवुड याच्यावर १७७२ साली अशीच वेळ आली. लंडनमधली एक पेढी बुडाली, उधारी आटली, आणि स्टॅफर्डशरमधल्या त्याच्या एट्रुरिया कारखान्यात फुलदाण्या पडून राहिल्या. तोवर धंदा इतका जोरात होता की एक फुलदाणी कितीला पडते हे त्यानं कधी खोलात जाऊन पाहिलं नव्हतं. आता तो बसला. माती, जळण, मजुरी, कारकून, भाडं असं एकेक लिहीत गेला. दोन गोष्टी हाती लागल्या. एक म्हणजे साचे, जागा, कारकुनी हे खर्च माल थोडा काढा की भरपूर, जवळपास तेवढेच राहतात, हे त्यानं आपला भागीदार थॉमस बेंटलीला पत्रानं कळवलं. त्यावरून कुठला माल भाव उतरवून जास्त खपवायचा हे त्याला ठरवता आलं, आणि खानदानी घरांतल्या फुलदाण्या मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात पोचल्या. दुसरी गोष्ट अनपेक्षित होती : हिशेबाचे धागे उलगडताना मुख्य कारकुनाची अफरातफर उघडकीला आली.

*

शिरोलीच्या मालकांकडे परत जाण्याआधी उधारीबद्दल दोन शब्द. सीसी टेकलेली का राहते याचं निम्मं उत्तर तिथं आहे. ड्रम घेणारं गिऱ्हाईक नव्वद दिवसांनी पैसे देतं. ८८ रुपयांवर बारा टक्क्यांनी नव्वद दिवसांचं व्याज दोन रुपये साठ पैसे. किलोला हाती राहणाऱ्या २६ रुपयांतला दहावा हिस्सा बँकेच्या दारात गेला आणि भाव ठरवताना तो कुणाच्या खिजगणतीत नव्हता. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत देणं बंधनकारक आहे. आयकर कायदाही मुदतीत पैसे न देणाऱ्याला त्या वर्षी तो खर्च वजावट म्हणून घेऊ देत नाही. पण कायदा सांगायला गेलं की ऑर्डर जाईल, ही भीती खरी आहे. मी इतकंच सांगतो : भाव दोन काढा, पंचेचाळीस दिवसांचा एक आणि नव्वदचा दुसरा, आणि दोन्ही कोटेशनवर छापा. उशिराची किंमत दिसू लागली की गिऱ्हाईकही आपला हिशेब करतं.

हे सगळं लोखंडाचं झालं. पण आमच्या कॉलनीतल्या वहिनी दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतात, त्यांच्या ओट्यापाशीही मी हाच हिशेब केला. चकली ४२० रुपये किलो, शंकरपाळी ३८०. भाजणी, तेल, गॅस, पिशवी धरून चकलीला १९० खर्च, शंकरपाळीला १८०. किलोला चकली २३० देते, शंकरपाळी २००. म्हणून त्या चकलीच्याच ऑर्डरी जास्त घ्यायच्या आणि रात्री दोनपर्यंत सोऱ्या दाबत बसायच्या. त्यांच्याकडे अडत होती कढई. एक मोठी कढई, एक शेगडी. तासाला चकली निघते दीड किलो, शंकरपाळी तीन किलो. चकलीचा तास ३४५ रुपयांचा, शंकरपाळीचा ६०० चा.

"मग चकली बंद करू?" त्यांनी विचारलं.

नाही. लोक त्यांच्याकडे येतात ते चकलीसाठी. चकली नसेल तर शंकरपाळीही दुसरीकडून घेतील. हे कढईच्या तासात दिसत नाही आणि त्याची किंमत कुणाला वहीत मांडता येत नाही. त्यांनी जावेची कढई आणि दुसरी शेगडी आणली, चकलीचा भाव ४८० केला, आणि नुसती चकली देणं बंद करून फराळाच्या पूर्ण ऑर्डरीबरोबरच द्यायला सुरुवात केली. दोन जणी कुरकुरल्या, बाकीच्यांनी घेतलं. स्वतःच्या हाताच्या तासांचे पैसे मात्र त्यांनी खर्चात अजूनही धरलेले नाहीत. मी दर वर्षी सांगतो. घरातल्या बाईच्या वेळेला मोल नसतं ही समजूत आपल्या लहान धंद्यांतली सगळ्यात महागडी समजूत आहे, असं माझं ठाम मत आहे.

सात बायकांनी १९५९ साली गिरगावात ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जत पापडाची आठवण इथं येते. त्यांना मार्ग दाखवणाऱ्या छगनबाप्पांनी सुरुवातीलाच दोन गोष्टींचा आग्रह धरला : हलका पापड वेगळा काढून स्वस्तात विकायचा नाही, आणि हिशेब चोख ठेवायचा. लाटणारीला तिच्या लाटण्याचे पैसे किलोवर ठरलेले असतात. तिचा वेळ तिथं खर्चात पहिल्यापासून धरलेला आहे.

*

सप्टेंबरात मी शिरोलीला पुन्हा गेलो. व्हॉल्व्हची बॉडी ड्रमच्या तोडीस यायची तर किलोला १६५ भाव हवा होता. मालकांनी तो मागितला. गिऱ्हाइकानं हिशेब मागितला, त्यांनी बॉक्सचा हिशेब दाखवला. १५० वर तडजोड झाली. आणखी एक किचकट माल होता, त्याचं गिऱ्हाईक भाव ऐकून निघून गेलं. मालकांना ते दोन दिवस फार लागलं. मग त्या बॉक्समध्ये परत पाठवलेला ड्रम आला.

लायनिंगच्या दिवशी आता व्हॉल्व्ह लागतो. फळा तोच आहे. टनाचा रकाना डावीकडे सरकलाय, उजवीकडे नवा रकाना आहे : तासाला हाती किती. तो मेस्त्री स्वतः खडूनं भरतात. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, "सायेब, ह्यो आकडा आमाला आधी का न्हाई दाखवला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सप्टेंबरातले अकरा दिवस सीसीची लिमिट टेकली नव्हती.

येत्या पाडव्याला तुमच्यापैकी कित्येक जण नव्या वहीची पूजा करतील. कारखाना असो, किराणा असो, शिवणकाम असो की फराळ. पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहून झालं की दुसरं पान कोरं ठेवा. दिवाळी संपल्यावर एक दिवस कामाच्या जागी उभं राहून, आपलं काम नेमकं कुठं अडतं, ते तिथं राबणाऱ्या माणसाला विचारा आणि त्या पानावर लिहा. मग तुमच्या प्रत्येक मालाचा त्या जागेवरच्या एका तासाचा हिशेब खाली मांडा. सेटिंगचे तास धरायला विसरू नका.